रंगरावांची तिकीटखिडकी

आमचं पाणतळं गाव रेल्वेनंच वसवलं. कोळशाच्या इंजिनांना पाणी लागायचं म्हणून ओढा अडवून तळं केलं आणि काठावर रुळांवर राबणाऱ्या गँगमनच्या चाळी बांधल्या. ती इंजिनं गेली, आम्ही राहिलो. रस्ता अजून नाही. सकाळी चिंचवडकडून येणारी आणि संध्याकाळी परत तिकडं जाणारी पॅसेंजर मिनिटभर थांबायची, तेवढाच आमचा जगाशी संबंध.

रंगराव तिथले तिकीटवाले. पगारी नोकर नव्हेत, कमिशनवर तिकिटं विकायचे. इस्त्रीचा शर्ट घालून सकाळ-संध्याकाळ दोन्ही गाड्यांना खिडकीत बसायचे, पण गिऱ्हाईक नाही. तिकीट काढणं म्हणजे आमच्या वाडीत कमीपणा. आमच्या आजोबांनी रूळ टाकले, आम्ही कशाला तिकीट काढू, हा माज. मी चिखलीत वर्कशॉपला लागलो, दर गुरुवारी सुट्टीला घरी यायचो. अकरा वर्षं, फुकट.

"शेखर, एक तरी काढ रे," रंगराव म्हणायचे.

"काका, आपलीच गाडी हाय की!" असं म्हणून मी दात काढत डब्यात. आठवलं की अजून कान तापतात.

गेल्या वर्षी एका गुरुवारी संध्याकाळी पाहणीला रेल्वेचे साहेब आले. तिकिटं खपत नाहीत, तर थांबा ठेवायचा कशाला, एवढंच त्यांना ठरवायचं होतं. फलाटावर आम्ही वीसेक जण पिशव्या घेऊन उभे.

"ही माणसं गाडीनं जातात? मग तिकिटं कुठायत?" साहेबांनी विचारलं.

रंगराव खरं बोलले असते तर थांबा कदाचित वाचला असता, आणि दंड आम्हाला बसला असता. त्यांनी आमच्याकडे पाहिलं. मी चपलेचा अंगठा बघत राहिलो. एकानंही तोंड उघडलं नाही.

"न्हाई साहेब," ते म्हणाले, "गाडी बघाया येत्यात. चढत कोन न्हाई."

साहेबांनी पिशव्यांकडे पाहिलं, तरी तेच लिहून घेतलं आणि महिनाअखेर थांबा बंद, असं सांगून रुळावरच्या ट्रॉलीवर बसून गेले. रंगरावांची खिडकी गेली, म्हाताऱ्यांचं गाडीनं दवाखान्याला जाणं गेलं. सगळं आमच्या भित्रेपणापायी.

त्या संध्याकाळी साहेब गेल्यावर मी माफी मागायला खिडकीशी गेलो. खिडकीची फळी नखानं कोरत उभा राहिलो. शेवटी तेच म्हणाले, "उद्या पयली शिफ्ट हाय न्हवं तुजी? गाडी आली बघ, जा."

खिशात पैसे होते. पण आता कुठल्या तोंडानं तिकीट मागू, असं झालं, आणि त्या दिवशीही मी तसाच फुकट चढलो.