राऊत बाईंनी कधीच विचारलं नाही

मी मुलगी आहे हे सिद्ध करायला ज्या बाईंनी साफ नकार दिला, त्या आज सकाळी गेल्या.

राऊत बाई. उधव्याजवळच्या आमच्या आश्रमशाळेच्या पीटीच्या बाई. माहेर-सासर दोन्ही डहाणूच्या किनाऱ्यावर, चिकूच्या वाड्यांत. आम्हा पाड्यावरच्या पोरींना "गाढवांनो" म्हणायच्या आणि घरचे चिकू पिशवी भरून आणायच्या.

गळ्यात शिट्टी, तोंड कायम चालू.

होस्टेलवर दर महिन्याला बाई मोठ्या पोरींना पॅडची पाकिटं वाटायच्या. रांगेत उभं करून, एकेकीचं नाव घेऊन.

माझी पाळी आलीच नव्हती. नववी संपत आली तरी नाही. बाईंना ते माहीत होतं, होस्टेलमध्ये असलं काही लपत नाही.

तरी माझं नाव घ्यायच्या. पाकीट हातात द्यायच्या. नजर पुढच्या पोरीवर.

मी ती पाकिटं पत्र्याच्या पेटीत तळाला सारून ठेवायचे.

त्या वर्षी जिल्ह्याच्या स्पर्धेला गेलो. त्याआधी होस्टेलमध्ये उवांनी वैताग आणला होता, म्हणून न्हाव्याला बोलावून सगळ्यांचे केस कानाच्या वर कापलेले.

मी आधीच उंच, अंगाने काटक, आवाज घोगरा. त्यात ते केस. आठशे मीटरच्या हीटमध्ये पहिली आले आणि बाकीच्या खूप मागे राहिल्या.

फायनलच्या आधी दुसऱ्या एका शाळेचे सर पंचांकडे गेले. म्हणाले, ही मुलगी नाही.

हळू नाही म्हणाले. सगळ्यांना ऐकू आलं.

मग जो तो माझ्याकडे बघायला लागला. पायांकडे, गळ्याकडे, ओठांच्या वर. मी सतरंजीवर गुडघे पोटाशी घेऊन बसले होते. पळून जावंसं वाटत होतं, पण पळाले तर तेसुद्धा बघतील अशी भीती.

मुख्य पंच बाईंना म्हणाले, एका लेडीज टीचरना सांगतो, मागच्या खोलीत नेऊन बघतील, पाच मिनिटांचं काम.

बाई म्हणाल्या, "नाही."

"बरं मॅडम, मग एवढं तरी सांगा. हिला पाळी येते का?"

उत्तर बाईंना ठाऊक होतं. आणि बाई खोटं बोलत नसत. आमचं टायमिंग कुणी जरा कमी करून सांगितलं तरी त्या शाळेसमोर त्याला धारेवर धरायच्या.

बाईंनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"सर, तुमच्या घरी मुलगी आहे ना? आधी तिचं सांगा. इथे, माईकवर. मग मी हिचं सांगते."

सर बाकीच्या पंचांकडे वळले.

शेवटी ठरलं की धावू दे, पण निकाल राखून ठेवू. डॉक्टरचं सर्टिफिकेट आणा, मग बघू.

मी धावले. दुसऱ्या राउंडला कुणीतरी "चल रे भावा" म्हणून ओरडलं आणि लोक हसले. पहिली आले तेव्हा टाळ्या फक्त आमच्या पोरींच्या.

परतताना जीप चारोटीला थांबली. बाईंनी वडापाव घेतला, माझ्या हातात दिला आणि मला बाजूला नेलं.

"डॉक्टरकडे जायचंय तुला? जायचं असेल तर मी येते. तुझ्या आईला घेऊ सोबत. पण ते तुझ्यासाठी, त्यांच्यासाठी नाही. नको असेल तर कुणाचा बाप नेऊ शकत नाही तुला."

मी म्हटलं, नको.

"बरं. खा. गार होतोय."

मेडल काही आलं नाही.

पुढच्या महिन्यात पुन्हा रांग लागली. मला वाटलं, आता तरी बाई मला वगळणार.

नाव घेतलं. पाकीट दिलं. नजर पुढच्या पोरीवर.

त्या दिवशी मी पेटीवर डोकं ठेवून खूप रडले.

नंतर मी डॉक्टरकडे गेले की नाही, डॉक्टर काय म्हणाले, ते इथे लिहिणार नाही. कमेंटमध्ये विचारू नका. विचारलंत तर ब्लॉक करीन, आत्ताच सांगते.

आता मी तलासरीत पोरींना धावायला शिकवते. पाकिटं मीही वाटते. सगळ्यांना.

मागच्या आठवड्यात बाईंना भेटायला गेले. बोलताना त्यांना धाप लागत होती. मी म्हटलं, "बाई, इतकी वर्षं झाली. तुम्हाला कधी विचारावंसं नाही वाटलं?"

"काय विचारायचं? तुझं टायमिंग मला पाठ होतं."

मग दम खाऊन म्हणाल्या, "शेवटच्या शंभरला मान मागे टाकायचीस. ते विचारणार होते. का टाकायचीस गं?"

मी त्यांचा हात धरून बसून राहिले.

या आता, बाई.
तुमच्या गाढवाचा नमस्कार घ्या.