अनोळखी दारांवर रडणारी अक्का

अक्का गेली हे मला कुणी सांगितलं नाही. मला ते दिसलं. धुळ्याच्या बसस्टँडवर आम्ही पत्रकं वाटत होतो, साक्रीकडच्या डोंगरातल्या गावांची एसटी बंद केली त्याबद्दलची. चहा येईपर्यंत सहज फोन उघडला, तर त्या निळ्या साइटवर, एका मोबाइलच्या दुकानाची जाहिरात आणि कुणाच्या तरी पावभाजीचं ताट यांच्या मधोमध माझी अक्का. हार घातलेली. खाली 'भावपूर्ण श्रद्धांजली', आणि त्याच्याखाली अंगठे. अंगठ्यांवर अंगठे. मी तिथूनच तिच्या मुलाला, मिलिंददादाला फोन लावला. "अगं, सकाळीच पोस्ट टाकली होती ना," तो म्हणाला. "कोणाकोणाला फोन करत बसू? तुला दिसली नाही का?" सख्ख्या भाचीला आत्या मेल्याचं असं कळवतात! हातातली पत्रकं दुसऱ्याकडे देऊन मी मिळेल त्या बसने निघाले. सावद्याजवळच्या तिच्या गावी पोचले तेव्हा माणसं स्मशानातून परत येऊन हातपाय धूत होती. अक्काचं तोंड मला पाहता आलं नाही. तो राग अजून उतरलेला नाही, आणि हा लेख वाचून कुणाला मी उद्धट वाटले तर वाटू दे.

अक्का म्हणजे इंदूअक्का, माझ्या वडिलांची थोरली बहीण. केळीवाल्यांचं घर. दादा घड ट्रकमध्ये भरून उत्तरेत पाठवतो. पण पंचक्रोशीत अक्काची ओळख केळीमुळे नव्हती, रडण्यामुळे होती. आमच्याकडे कुणी गेलं की त्या घरी जाऊन बसण्याला दारावर जाणं म्हणतात. लग्न चुकलं तर माफ आहे, दारावर जायचं चुकलं तर पुढच्या पिढीपर्यंत ऐकून घ्यावं लागतं. बायका तिथे नुसत्या डोळे पुसत नाहीत. हेल काढून, शब्द लावून रडतात. अक्कासारखं कुणी रडत नसे. पुष्कळ बायकांचं ठरलेलं असतं, "सोन्यासारखा माणूस गेला वं माय"... तेच या घरी, तेच त्या घरी. अक्का तसं करायची नाही. गावात शिरल्यावर आधी कोपऱ्यावरच्या एखाद्या घरी पाणी प्यायला थांबायची आणि विचारून घ्यायची. गेलेला काय काम करायचा, जेवताना काय मागायचा, कुणावर चिडायचा, दारात कुठे बसायचा. "आधी इचारायचं, मंग रडायचं," ती सांगायची. "नाहीतं त्या मढ्याले कसं कयन की हे त्याच्यासाठीच हाये?" एकदा एका अतिशय भांडखोर म्हाताऱ्यासाठी ती, "आता बांधावर कोन कोनाले शिव्या देईन रे आबा," असं रडली होती, आणि ज्याला त्या शिव्या मिळायच्या तो शेजारी सगळ्यांत मोठ्याने रडायला लागला होता.

मग गुडघे गेले. आधी लांबची गावं सुटली, मग जवळची, मग शेजारची गल्ली. कुणी गेल्याचं कानावर आलं की खाटेवर बसल्या बसल्या तिची घालमेल व्हायची. दादाला म्हणायची, "मले नुसतं दारात नेऊन टाक, मी पाहीन पुढचं." दादाला ट्रक सोडून वेळ कुठला! त्याने नवीन फोन घेतला तेव्हा जुना तिला दिला आणि त्यात ती साइट उघडून दिली. नातवंडांचे फोटो बघत बसेल, कटकट कमी होईल, एवढाच त्याचा हिशोब.

आता मला या साइटबद्दल काय वाटतं ते सांगते, म्हणजे पुढचं कळेल. मी तिच्याविरुद्ध पत्रक काढलेलं आहे. मोर्चाला 'येणार' म्हणून बटण दाबणारी माणसं आणि मोर्चात उन्हात उभी राहणारी माणसं यांतला फरक मी डोळ्यांनी पाहिला आहे. तिथे सगळे सगळीकडे पोचतात, फक्त पाय घरीच राहतात. राग आला, बटण. दुःख झालं, बटण. पोट भरल्यासारखं वाटतं आणि माणूस कूस बदलून झोपतो. त्यामुळे सुट्टीला गेले आणि अक्का, जिने आयुष्यात कधी टीव्हीपुढे ठाण मांडलं नाही ती अक्का, फोन नाकाला लावून बसलेली दिसली तेव्हा माझं डोकंच फिरलं. "तुलाही लागलं का हे खूळ?" मी म्हणाले. "यात आहे तरी काय एवढं?"

"लोकं मरतात इथी," अक्का म्हणाली.

मी जवळ बसून पाहिलं. नातवंडांचे फोटो ती भराभर सरकवत होती. थांबत होती ती हार घातलेल्या फोटोंवर. कुठल्या कुठल्या गावांचे, कुणी कुणी पुढे ढकललेले. आणि त्याखालचे अंगठे पाहून खवळत होती. "मेल्याच्या घरी आंगठा कोन दाखवते वं? लाज नाही वाटत?" मग ती त्या गेलेल्या माणसाच्या नावावर बोट ठेवायची आणि आत शिरायची. त्याचे जुने फोटो एकेक करून बघायची. बैलजोडीसोबतचा, लग्नातला, देवदर्शनाचा. चौथीपर्यंतच्या शिक्षणावर अक्षरं जुळवून वाचायची. मला कळायला थोडा वेळ लागला... ती कोपऱ्यावरच्या घरी पाणी प्यायला थांबली होती. विचारून घेत होती.

आणि विचारून झालं की फोन उशीला टेकवून, पदर डोक्यावर घेऊन अक्का रडायची. व्हिडिओ सुरू करून. आधी दारात सांगावं तसं सांगायची, "मी सावद्याकडची इंदू, तुमच्या दारी आली वं माय, पाय नाहीत म्हनून अशी आली." मग त्या माणसाचं नाव घेऊन हेल काढायची. आणि ते त्या फोटोखाली लावून टाकायची. तिच्या लेखी ती साइट म्हणजे दारंच दारं होती, आणि दार दिसलं की जायचं असतं.

मी तिला समजावलं. रागाने समजावलं. "अक्का, ही माणसं तुझ्या ओळखीची नाहीत. तुला हसतील."

"मरनाले ओयख लागते का?" ती म्हणाली. "लग्नाले लागते. बारशाले लागते. तू तं मोठी पत्रकवाली, रस्त्यावर कोनाच्याही हातात कागद देती. ओयख पाहून देती का?"

मी चहा करायला उठले.

दिनेशसाठी ती रडली ते याच काळात. साक्री तालुक्यातल्या डोंगरातला पोरगा, गुजरातेत बांधकामावर गेला आणि वरून पडला. ठेकेदाराने मयत गावाच्या फाट्यावर उतरवली आणि गाडी वळवून निघून गेला. त्या ठेकेदारावर आजतागायत काही झालेलं नाही, होणारही नाही, कारण दिनेशसारख्यांच्या मरणाचा कागद कुठल्याच टेबलावर थांबत नाही. त्याच्या मित्रांनी फोटो टाकला, तो फिरत फिरत अक्काच्या खाटेवर आला. तिने त्याचे फोटो पाहिले. लाल टोपी, काखेत बकरीचं पिल्लू, कुणाच्या तरी मोटरसायकलला टेकून उभा. आणि ती रडली, "दिनेश रे माह्या बापा, काखेतलं पिलू कोनाच्या भरोशावर ठेवलं रे... लोकाच्या माड्या बांधता बांधता तुह्या घराचं आढं मोडलं रे..." मी मोर्चांमध्ये पुष्कळ भाषणं ऐकली आहेत. स्वतःही केली आहेत. या दोन ओळींत जे होतं ते आमच्या एकाही भाषणात नव्हतं.

पुढे जे झालं ते लिहितानाही संताप येतो. कुण्या डीजेवाल्या पोराने ते रडणं उचललं. त्याखाली ढोल घातला, बास घातला. "दिनेश रे, दिनेश रे" एवढंच पुन्हा पुन्हा कापून जोडलं. अक्काचं तोंड उघडं राहिलेलं चित्र वर लावलं. आणि ते चाललं! धो धो चाललं. जळगावपासून धुळ्यापर्यंत हळदीच्या मिरवणुकांमध्ये वाजलं. बाजारात दादाला व्यापारी विचारायला लागले, "काय मिलिंदशेठ, मातोश्रींचं नवीन गाणं कधी?" मी त्या डीजेवाल्याला शोधून काढलं. गॉगल कपाळावर चढवून तो मला म्हणाला, "ताई, टेन्शन नका घेऊ, जोक होता. व्ह्यूज तर बघा. आजीबाई फेमस झाल्या, पार्टी द्या उलट." मी जे बोलले ते पुरवणीत छापता येणार नाही. त्याने त्याच्याकडचं काढून टाकलं. पण तोवर ते इतक्या फोनांमध्ये पसरलं होतं की काढलं काय आणि ठेवलं काय.

अक्काने ते ऐकलं ते गल्लीतून जाणाऱ्या हळदीच्या मिरवणुकीत. खाटेवर बसल्या बसल्या. आपला आवाज, त्यावर शिट्ट्या. मला वाटलं होतं, ती कोसळेल. पण लोक आपल्याला हसतात याचं तिला फारसं काही वाटलंच नाही. तिने मला एवढंच विचारलं, "त्याच्या मायले आयकू गेलं असन का वं?" मी म्हटलं, नाही अक्का, त्या डोंगरात रेंजसुद्धा नसते. तिचा विश्वास बसला नाही. मग ते तिचं रोजचंच झालं. जेवताना, झोपताना, फोनवर. "पोराच्या नावावर लोकं नाचले. मायले कयलं असन तं ती म्हनीन, या सावद्याच्या बाईनंच केलं." रडणं तिने बंद केलं. साइट उघडायची, हार घातलेले फोटो बघायची आणि गप्प बसायची. शेवटच्या भेटीतही मी चपला घालत असताना तिने तेच विचारलं. ते विचारत विचारतच ती गेली.

आणि तिच्या दारावर कोण आलं? सांगते. गल्ली आली, जवळचे पाहुणे आले, बाकीच्यांनी बटण दाबलं. ज्यांच्या घरी ती ऐन उन्हाळ्यात पायी गेली होती त्यांनी हात जोडलेलं चित्र पाठवलं. ज्या बायका आल्या त्या पदराने डोळे टिपून गप्प बसल्या. हेल काढून रडणारी एकही नव्हती. मला येत नाही. येत असतं तर मी रडले असते. सुतक फिटतं त्या गंधमुक्तीच्या दिवशी मंडपात एकाच्या खिशातला फोन वाजला, आणि रिंगटोन तीच होती... "दिनेश रे, दिनेश रे." त्याने घाईघाईने बंद केला. दोघंतिघं हसलेसुद्धा. दादाने मान खाली घातली आणि त्याच संध्याकाळी अक्काचं त्या साइटवरचं खातं बंद करून टाकलं. तिची सगळी रडणी गेली. कुठेही दुसरी प्रत नाही.

हे मला कळलं तेव्हा मी दादाशी भांडायला गेले. अक्काच्याच खोलीत आमची जुंपली होती. "तुला काय जातं बोलायला," दादा ओरडत होता, "बाजारात तोंड मला दाखवावं लागतं!" मी म्हणाले, "लाज त्या नाचणाऱ्यांना वाटायला पाहिजे होती. तू आईलाच पुसून टाकलंस." तेवढ्यात दारात एक बाई येऊन उभी राहिली. हाडकुळी, हातात कापडी पिशवी, पायांवर प्रवासाची धूळ.

"हाई इंदूमायनं घर शे का?"

साक्रीकडून धुळे, धुळ्याहून जळगाव, तिथून विचारत विचारत ती आली होती. दिनेशची आई. अक्का गेल्याचं तिला माहीतच नव्हतं. तिच्या गावात खरंच रेंज नसते. टेकडीवर चढून, पुतण्याच्या फोनवर ती अक्काचं रडणं ऐकायची, आणि एक दिवस ते तिथून नाहीसं झालं. "माले वाटनं, माय रागावनी," ती म्हणाली. मग तिचं लक्ष भिंतीवरच्या हाराकडे गेलं. तिने चपला काढल्या, आत आली आणि खाटेपाशी जमिनीवर बसली. दादाच्या बायकोने पाणी दिलं ते तिने तसंच हातात धरून ठेवलं. मग म्हणाली, "मना पोऱ्यासाठे ती रडनी. मी तिले कधी देखेल नही. ते रडनं माले आखो एकदा आयकनं शे."

दादा माझ्याकडे बघायला लागला. मी त्याच्याकडे बघितलं नाही. "ते आता राहिलं नाही, मावशी," मी म्हणाले. "पुसलं गेलं."

तिने मान हलवली. समजल्यासारखी. आणि अगदी साध्या आवाजात म्हणाली, "मंग ते नाचानं लाई द्या."

मी विचारलं, "तुम्ही... ते ढोलावरचं ऐकलंय?"

"आयकेल शे ना. बठ्ठा गाव आयकस." तिने पाण्याचा पेला खाली ठेवला. "त्यामा बी मना दिनेशनं नाव शे."

दादाने फोन काढला. शोधावंही लागलं नाही, चार अक्षरं घालताच सगळ्यांत वर तेच आलं. ढोल सुरू झाला, बास सुरू झाला, खिडकीची काच हलायला लागली. मला तो फोन भिंतीवर फेकावासा वाटत होता. दादा तोंड फिरवून उभा होता, त्याचे खांदे हलत होते. त्या बाईने डोळे मिटले होते, आणि ढोलाच्या पलीकडून काही येण्याची वाट बघावी तशी ती पुढे झुकली होती. आणि मग अक्काचा आवाज तिच्याच खोलीत आला, चिरलेला, कापलेला, पण तिचाच... "दिनेश रे..."

"हाऊ," ती म्हणाली. "हाऊ मना." हा माझा.

गाणं संपलं. तिने डोळे उघडले नाहीत.

"आखो लाव," ती म्हणाली. दादाने परत लावलं.