नऊबोट्याचं म्यान

मशीनने उजव्या हाताची तर्जनी खाल्ल्यापासून कारखान्यात त्या फिटरला सगळे नऊबोट्या म्हणत, आणि तोही खुशाल ओ देई. बाजारातली म्यानं पाहून त्याने नाक मुरडलं आणि आपल्या घडीच्या चाकूसाठी पट्ट्याला अडकवायचं म्यान घरीच शिवलं. ओलं चामडं चाकूवर उजव्या पंजाने दाबून दाबून बसवलं आणि खिडकीत वाळत ठेवलं.

संध्याकाळी बायकोने ते उचललं. "अहो, बोटांचे ठसे काय सुरेख उठलेत. पाचही."

"चार म्हण," तो हसला. मग त्याने स्वतः मोजले.

अंगठ्याशेजारी पाचवा ठसा होता. फिटरला नखं वाढवून चालत नाही, त्याची सगळी मुळापासून कापलेली. या एका ठशापुढे मात्र लांबलचक नख रुतलं होतं. इतक्या वर्षांत ते कुणी कापलंच नव्हतं.