मोसंबीच्या विहिरीतलं शिबिर

किस्से कपाटावरच्या पिशव्यांसारखे असतात. एक ओढली की दहा अंगावर पडतात! राहीच्या शाळेतून स्विमिंग कॅम्पचा फॉर्म आला आणि माझं तेच झालं. पोरगी सात वर्षांची, त्यात पाणी केवढं खोल! पालकांची सही हवी, म्हणून तीन दिवस मी पेन शोधतेय. नवरा म्हणतो, "अगं, तुझ्याकडे तर बुडणाऱ्याला वाचवायचं सर्टिफिकेट आहे!"

आहे. आमच्या गावी मंठ्याला, पाचवीच्या उन्हाळी शिबिरात मिळालेलं. कसं मिळालं, ते मात्र मी सांगत नव्हते.

*

स्विमिंग पूल कुठला! पीटीचे सर आम्हा आठ पोरींना रघुकाकांच्या मळ्यातल्या पायऱ्यांच्या विहिरीवर न्यायचे. पाठीला तेलाचा रिकामा डबा बांधून आम्ही उतरलो, तेवढ्यात लाइट आली. काकांनी मोटर लावली. पाणी एकेक पायरी सोडायला लागलं.

"काका, पोरींचा क्लास चालूय!" सर ओरडले.

"पोरींला उद्याबी बुडता येईल, सर. मोसंबीला आजच पाणी पाह्यजे!"

*

सरांचा पहिला नियम : "कुणी बुडून राह्यलं तर उडी मारायची न्हाई. काठावरून साडी फेकायची." त्यासाठी घरून मजबूत साडी आणायची होती.

माझी मैत्रीण सुनीता आईचा लग्नातला शालू घेऊन आली! एकदाच नेसलेला, म्हणून सगळ्यात मजबूत. तीन वेळा फेकून झाला आणि तिची आई मळ्यात येऊन थडकली.

सर घाईघाईनं म्हणाले, "ताई, याच्यानं जीव वाचतो!"

"हां का? मंग आता हिचा कसा वाचतो तेच बघते!"

*

बेशुद्ध माणसाला केसांना धरून ओढायचं, हे सर शिकवत होते. सरांना पूर्ण टक्कल.

मी हात वर केला. "सर, तुम्ही बेशुद्ध झाले तर?"

सरांनी डोक्यावरून हात फिरवला. "मंग घरी कळवा."

*

परीक्षेच्या दिवशी सर विहिरीच्या मधोमध जाऊन "वाचवा! वाचवा!" करू लागले. इतकं झकास की मला ते खरंच वाटलं! साडीचं एक टोक हातात धरायचं असतं, हे विसरून मी अख्खी साडी फेकली. ती सरांच्या तोंडावर बसली. आता सर खरंच ओरडत होते, पण आवाज येत नव्हता.

शेवटी साडीसकट सर स्वतःच पोहत काठाला आले. पायरीवर बसून खोकले, नाक शिंकरलं आणि माझ्या सर्टिफिकेटवर 'पास' लिहिलं.

सुनीता भडकली. "सर, हिनं तर तुम्हालाच बुडवलं!"

"पण उडी मारली का? न्हाई ना? बराबर केलं. एकटा मीच गेलो असतो."

*

काल हे सगळं राहीला सांगितलं. तिनं न हसता ऐकलं. मग कुठून तरी पेन शोधून आणलं आणि फॉर्म माझ्या मांडीवर ठेवला.

"आई, सही कर. आणि तू बघायला येऊ नको."