शिटीवाली आंटी

दुकानातला फोन वाजला की फिलू आंटी ‘हॅलो’ म्हणत नसे. हातातली पक्कड काउंटरच्या पत्र्यावर ठकठक वाजवायची. जुन्या गिऱ्हाइकांना ते ठाऊक होतं. पक्कड वाजली की ते सरळ विचारत, “आंटी, मिक्सर झाला का?” नवीन माणूस गोंधळून फोन ठेवायचा आणि पुन्हा लावायचा. तेवढ्यात आंटीचा शब्द तयार झालेला असायचा.

ती बोलताना अडायची. तीच तीच अक्षरं पुन्हा यायची असं नाही, तिचा शब्द ओठांपर्यंत येऊन थांबायचा. तोंड त्या अक्षरापुरतं उघडलेलं, मानेची शीर ताठ, नजर समोरच्या माणसावर, आणि आवाज नाही. मग एकदम शब्द सुटायचा आणि उरलेलं वाक्य भरभर यायचं. त्या मधल्या वेळात समोरचा माणूस बहुधा तिच्या वतीने शब्द पुरवायचा. “कुकर? रिंग? झाकण?” आंटी मान हलवून सगळे नाकारायची आणि स्वतःचाच शब्द आणायची. कधीकधी तो समोरच्याने सुचवलेलाच निघायचा. तरी तो तिला स्वतःच्या तोंडून हवा असे.

तिचं पूर्ण नाव फिलोमिना. राहायला उत्तनच्या पलीकडे चौक गावात, दुकान भाईंदर पश्चिमेला एका जुन्या इमारतीच्या तळमजल्यावर. मिक्सर, कुकर, गॅसच्या शेगड्या दुरुस्त करायचं हे दुकान तिच्या वडिलांचं. शाळेत बाई तिला धडा वाचायला उठवत नसत, वर्गाचा वेळ जातो म्हणून. ती वडिलांच्या शेजारी स्टुलावर येऊन बसायला लागली ती बसलीच. वडील गेले, लग्न तिने केलं नाही, दुकान चालू राहिलं. “मशीनला घाई न्हाय,” ती म्हणायची. “तिला बोट लावून इचारायचं, ती बरोबर सांगते.”

मी मीरा रोडला पूनम सागरमध्ये राहते. जाहिरात कंपनीतली नोकरी मुलगी झाल्यावर सोडली आणि आसपासच्या दुकानांसाठी छोटे व्हिडिओ करायला लागले. मिठाईवाला, साडीवाला, एक जिम, दोन ब्युटी पार्लर. मिक्सरचं भांडं गळायला लागलं म्हणून आंटीकडे गेले, तेव्हा भांडं उघडता उघडता तिने माझ्या हातातल्या फोनच्या स्टँडकडे पाहिलं.

“तू ते… व्हिडिओ करतंस ना, बाय? माजे कर.”

का, ते तिने कामाच्या ओघातच सांगितलं. लोक आता मिक्सर बिघडला की ऑनलाइन नवीन मागवतात. तिचा धाकटा भाऊ नेल्सन अंधेरीला ऑफिसात होता. दुकान दोघांच्या नावावर. मोबाइलचे कव्हर विकणारा एकजण गाळा भाड्याने मागत होता आणि नेल्सनने सांगितलं होतं, नाताळपर्यंत बघू, नाही चाललं तर देऊन टाकू. तो वाईट माणूस नव्हता. बहीण दिवसभर रिकाम्या दुकानात बसते हे त्याला बघवत नव्हतं.

मी तिला माझी नेहमीची पद्धत समजावली. सध्या चालतंय ते गाणं घ्यायचं, गाजलेला एखादा संवाद घ्यायचा, त्यावर ओठ हलवायचे, शेवटी दुकानाचं नाव. बोलायचीही गरज नाही. मला वाटलं, तिच्यासाठी हे फारच सोयीचं आहे.

तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, “गाणं दुसऱ्याचं, बोलणं दुसऱ्याचं. मंग त्यात माजं काय? ओठ?”

“आंटी, सगळे असंच करतात.”

“सगल्यांचे मिक्सर पण सारखेच दिसतात. खोलल्यावर कलतं.”

पहिला व्हिडिओ कुकरच्या रबराच्या रिंगचा केला. वाफ बाजूने जात असेल तर आधी रिंग बघा, ताठ झाली असेल तर बदला, कुकर फेकू नका, एवढंच सांगायचं होतं. आंटी ‘कुकर’वर अडली, ‘रिंग’वर अडली, ‘बदला’वर तर फारच. मी घरी बसून तिची सगळी थांबणी कापली. वाक्याला वाक्य जोडलं. अर्ध्या मिनिटाचा चटपटीत व्हिडिओ झाला. कामावर खूश होऊन दुसऱ्या दिवशी तिला दाखवला.

तिने तो पूर्ण पाहिला. “ही कोण?”

“तुम्हीच की.”

“न्हाय. ही बाई दुकानात न्हाय बसत. गिऱ्हाईक हिला बघून येल, माज्याशी बोलेल आणि म्हणेल, फसवलं.” फोन माझ्या हातात परत देत ती म्हणाली, “कापायचं न्हाय.”

मी वाद घातला. लोक दोन सेकंदांत पुढे सरकतात, आवाज नसलेल्या चेहऱ्याकडे कोणी थांबत नाही, हा माझा धंदा आहे, मला कळतं. ती शांतपणे एका मिक्सरचं बूड उघडत होती. शेवटी म्हणाली, “लांब होतंय तर शब्द कमी कर. माजे शब्द कापू नको, कमी कर.”

त्या एका वाक्यावर आमचं पुढचं सगळं काम उभं राहिलं. मी तिच्यासाठी आठ वाक्यांची तीन वाक्यं करायला लागले. सुरुवातीला बिघडलेली वस्तू जवळून दाखवायची. शब्द अडला की तिचे हात थांबत नसत, तेव्हा कॅमेरा हातांवर न्यायचा. ती रिंग ताणून दाखवायची, ब्लेड बोटाने फिरवायची, आणि प्रेक्षक हात बघत असतानाच शब्द यायचा. चेहरा लपवायचा नाही, ही तिची अट. “हात पण माजे, तोंड पण माजं. दोनी दाखव.” आदल्या दिवशी ती वाक्यं पाठ करून यायची. अडणं त्याने कमी होत नसे, पण कुठे अडणार ते तिला माहीत असायचं आणि मलाही. आठवड्याला दोन व्हिडिओ. एक बिघाड, एक उपाय. पावसात बस बंद पडल्या तरी ती रिक्षा बदलत भाईंदरला पोचायची आणि माझा फोन वाजायचा. पलीकडून पक्कड. म्हणजे, ये.

लगेच काही झालं नाही. बघणारे थोडे होते. पण ते बघून कोणी कोणी यायला लागले, फोन करायला लागले. एके दुपारी मी दुकानात असताना फोन आला. आंटीने पक्कड वाजवली. पलीकडून काहीच नाही. तिने पुन्हा वाजवली. तरी नाही. मी म्हटलं, ठेवा, कट झाला असेल. तिने हाताने मला गप्प केलं आणि फोन कानाला लावून बसली. बऱ्याच वेळाने पलीकडून एका पुरुषाचा आवाज आला, “मि… मिक्सर.” तोही अडणारा होता. त्याच्या मिक्सरचा कपलर, म्हणजे भांडं फिरवणारी चकती, झिजली होती. एवढ्या साध्या गोष्टीच्या बोलण्याला दोघांना फार वेळ लागला. त्याने तिला शब्द सुचवला नाही, तिने त्याला सुचवला नाही. फोन ठेवल्यावर आंटी इतकंच म्हणाली, “वसईवरनं येनार हाय.” आणि कपलरचा डबा शोधायला लागली. तिचे कान लाल झाले होते.

दिवाळीच्या सुमारास ते झालं. कुणीतरी आमचा एक व्हिडिओ उचलला. त्यात आंटी ‘शिटी’ या शब्दावर अडली होती. त्या माणसाने ते अडणं पुन्हा पुन्हा जोडून लांबवलं आणि शेवटी, शब्द येण्याच्या जागी, कुकरची कर्कश शिटी टाकली. आमच्या कुठल्याही व्हिडिओपेक्षा तो जास्त फिरला. माझ्या सोसायटीच्या ग्रुपवरही आला. हसणाऱ्या चेहऱ्यांच्या रांगा त्याच्याखाली.

मी धावत दुकानात गेले. नेल्सन आधीच येऊन उभा होता, ऑफिस टाकून. तो रडवेला होऊन आंटीला म्हणाला, “बाय, पुरे झालं. सगलं पुसून टाक. लहानपणापासनं लोक हसतात, आता गावभर हसवून घ्यायचं? मी तुला घरी बसवून खायला घालीन.” मीही त्याच्या बाजूने झाले. म्हटलं, आंटी, मी तक्रार करते, आपले सगळे व्हिडिओ काढून टाकू, हे निवळलं की बघू.

आंटी नळाशी हात धूत होती. काळं ग्रीस केव्हाच निघालं होतं, तरी धूतच होती. इतक्यात दोन कॉलेजची मुलं दारात येऊन एकमेकांना ढोसायला लागली. एकाने हसू दाबत विचारलं, “आंटी, वो सीटीवाली आंटी आप ही हो ना?”

तिने नळ बंद केला. पदर नव्हता, फ्रॉकलाच हात पुसले. वळली. तोंड उघडलं, आणि शब्द अडला. पोरं फोन काढून तयार. नेल्सन पुढे सरकला, तिने त्याला दंडाला धरून थांबवलं. ती त्या पोराकडे बघत राहिली. पोराला नजर खाली घालावी लागली, तेव्हा कुठे तो शब्द आला.

“हां. कुकर लाया क्या?”

पोरं निघून गेली. आंटी स्टुलावर बसली. अर्धा उघडलेला मिक्सर तिने पुढ्यात ओढला. थोड्या वेळाने मला म्हणाली, “उद्याचा व्हिडिओ कशाचा हाय?”

“आंटी, उद्या नको.”

“उद्या शिटीचा कर.”

दुसऱ्या दिवशी ती चर्चला जायचा निळा फ्रॉक घालून आली. मी कॅमेरा लावला. या वेळी हातांवर न्यायचा नाही, तोंडावरच ठेवायचा, असं तिनेच सांगितलं. ‘शि’वर ती अडली. मी आजवर पाहिलेलं सगळ्यात लांब अडणं होतं ते. मग ती म्हणाली, “शिटी. माजी उशिरा वाजते. तुमची टायमात वाजायला पायजे. कुकर घेऊन या.”

मी एक क्षणही कापला नाही.

तो व्हिडिओ त्या टिंगलीएवढा फिरला नाही. तसं कधी होत नसावं. पण जे आले ते कुकर घेऊन आले. मीरा रोडवरून आले, पेणकरपाड्यातून आले, कोणी दोन-दोन कुकर पिशवीत घालून आले. काही नुसते बघायला आलेले लाजून एखादी रिंग घेऊन गेले. आंटी सगळ्यांशी तेवढंच बोलायची, तेवढाच वेळ घ्यायची. नाताळला नेल्सन केक घेऊन माझ्या घरी आला. गाळ्याचं काय, असं मी विचारलं. तो म्हणाला, “तिला इचार. मी आता सुट्टीच्या दिवशी पार्सल पोचवतो.”

गेल्या वर्षी ती इमारत धोकादायक ठरली आणि रिकामी करावी लागली. नवीन बांधून होईल तेव्हा होईल. आंटीने वडिलांचं स्टूल, हत्यारं, डबे टेम्पोत भरले आणि चौकला घराच्या ओट्यावर दुकान मांडलं. मला वाटलं, आता संपलं, इतक्या लांब कुकर घेऊन कोण जाणार? माझंही काम वाढलं होतं, मला आठवड्याला दोनदा तिकडे जाणं जमेना. मी चाचरत सांगायला लागले तर ती म्हणाली, “तू शिकवलंस ना? मंग झालं. मशीन दुरुस्त केली की ती आपल्या घरी जाते.” आता ती एकटीच चित्रित करते. फोन मसाल्याच्या बरण्यांना टेकवून ठेवते. चौकट तिरकी असते, उजेड मागून येतो, आणि ती कापत काहीच नाही.

मागच्या महिन्यात तिला भेटायला गेले. उत्तनवरून शेअर रिक्षा केली. चौकच्या गल्लीत वळताच रिक्षावाल्याने एकदम इंजिन बंद केलं. पुढे काही आडवं आलं म्हणून मी वाकून पाहिलं. रस्ता मोकळा होता. पलीकडच्या दारात बोंबील निवडणारी बाई टोपली हातात धरून तशीच उभी होती. शेजारच्या घरातला रेडिओ कोणीतरी बंद केला. समोरच्या ओट्यावर फिलू आंटी फोनपुढे बसलेली, मांडीवर मिक्सर, तोंड अर्धवट उघडं, मान ताठ.

माझ्या बाजूचा प्रवासी वैतागला. “क्या हुआ भाई? चलो ना.”

रिक्षावाल्याने मागे न बघता बोट ओठांवर ठेवलं.

“रुको थोडा,” तो हळूच म्हणाला. “आंटी का शब्द आ रहा है.”

मग तो प्रवासीही गप्प बसला, आणि शब्द येईपर्यंत गल्लीत कोणी हललं नाही.