याडीच्या आवाजाचा परवाना

आमच्या घरात धंदा हा शब्द जरा खालच्या आवाजात म्हणतात. आजोबा कचेरीत होते, बाबा कचेरीत आहेत, आई शाळेत शिकवते. यवतमाळला आमच्या गल्लीतल्या एका पदवीधर मुलाने किराणा दुकान टाकलं, तेव्हा आईने पहिल्याच दिवशी तिथून सामान आणलं. पिशवी रिकामी करताना मात्र म्हणाली, "एवढं शिकून शेवटी दुकानच." मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले, कमी बोलत वाढले. शिकलेलं विकायचं नसतं, हे मला कुणी मुद्दाम सांगितलं नव्हतं, तरी ते मला पक्कं माहीत होतं.

एम.एस्सी.ला माझ्या शेजारी बसायची ती मुलगी बोरी अरबजवळच्या बंजारा तांड्यावरची. घरी गोर बोली, माझ्याशी वऱ्हाडी, सरांशी पुस्तकी मराठी आणि पेपरात इंग्रजी, असं तिचं दिवसभर चालायचं. मला नावाने हाक मारायची नाही. "ओ कॉन्व्हेंट, डबा खोल," म्हणायची आणि मी खोलायच्या आत भाजीचा वास घेऊन भाजी ओळखायची.

प्रकल्प आम्ही दोघींनी मिळून घेतला. गोर बोलीतलं बोलणं ऐकून ते देवनागरीत लिहून काढणारा एक प्रोग्रॅम करायचा होता. असं काही आधी झालेलं आमच्या तरी ऐकिवात नव्हतं. त्यासाठी आवाज लागणार होते आणि ते तिच्या तांड्यात होते. सर्वांत जास्त आवाज तिच्या आईचा. तिला सगळा तांडा याडी म्हणायचा. याडी म्हणजे आईच. मीही तेच म्हणू लागले, आणि माझ्या सख्ख्या आईला ते सांगितलं नाही.

याडी ढावलो म्हणायची. लग्नानंतर सासरी निघताना नवरी आपल्या माणसांच्या गळ्यात पडून रडत रडत गाते, तो ढावलो. ते रडणं सुरात असतं आणि शिकावं लागतं. लग्न ठरलं की मुलगी याडीजवळ येऊन बसायची. आम्ही कूलर बंद करून, कोंबड्या बाहेर हाकलून, घामाने भिजत याडीचा आवाज भरून घ्यायचो. मग मैत्रीण एकेक ओळ ऐकून टाइप करायची आणि मी ते सगळं प्रोग्रॅमला शिकवायचे. मला स्वतःला त्यातलं जवळपास काही कळत नव्हतं. माझा प्रोग्रॅम माझ्या आधी ती भाषा लिहू लागला, याचं तेव्हा मला फार कौतुक वाटलं.

काम झाल्यावर सर म्हणाले, "बेटा, कॉलेजच्या साइटवर टाकून दे. कुणी कसा वापरायचा ते तूच ठरव, मला उद्या वर पाठवायचं आहे." पडद्यावर परवान्याचे पर्याय आले. कुणीही, कशालाही वापरा, असा एक होता. मी त्याखालचा निवडला. शैक्षणिक आणि विना-व्यावसायिक वापरासाठी. मैत्रीण बाजूला शेंगा सोलत बसली होती.

"म्हणजे कसं?"

"शिकायला, संशोधनाला फुकट. कमाईला नाही."

"कोनाच्या कमाईले?"

"कंपन्यांच्या. उद्या कुणी याडीचा आवाज घेऊन पैसे केले तर?"

"हं. टाक मंग," ती म्हणाली आणि माझ्या हातावर चार दाणे ठेवले.

मला बरं वाटलं होतं. काहीतरी स्वच्छ काम केल्यासारखं. पैसे करणारी माणसं कुठेतरी लांब असतात, आणि आपण त्यांच्यापासून याडीला वाचवलं, असं.

पुढे मला त्याच कॉलेजात प्रयोगशाळेत नोकरी लागली. तिला लागली नाही. तिच्या भावाचं दारव्ह्याला लग्नाच्या व्हिडिओ शूटिंगचं दुकान होतं, तिथे ती बसू लागली. दुकानात बसून तिच्या एक गोष्ट लक्षात आली. तांड्यातली कितीतरी घरं कामासाठी पुण्या-मुंबईला गेलेली. त्यांच्या मुली तिकडेच वाढल्या. लग्न मात्र तांड्यात येऊन करायचं, आणि नवरीला ढावलो येत नाही. नवरी नुसतीच रडली तर म्हाताऱ्या हसतात. मग तिने याडीला कॅमेऱ्यासमोर बसवलं. खाली प्रोग्रॅमने लिहिलेल्या ओळी, त्याखाली मराठीत अर्थ. पुण्यातल्या एका मुलीने तो व्हिडिओ पाहून ढावलो पाठ केला आणि लग्नात असा म्हटला की म्हाताऱ्या रडल्या. त्यानंतर ऑर्डरी यायला लागल्या.

तेव्हा तिचा फोन आला.

"ओ कॉन्व्हेंट, एक विचारू का? आपलं ते वापरून राह्यली मी. पैशे घेते. चालते ना?"

तिने विचारायची गरजच नव्हती. दारव्ह्याच्या एका दुकानात कोणता प्रोग्रॅम चालतो हे कोण बघायला जाणार होतं? ते दोघींचं होतं, म्हणून तिने विचारलं. मी "हो" म्हणावं एवढंच तिला ऐकायचं होतं. आणि मी म्हणाले, "विचारून सांगते."

सरांनी वाईट काही केलं नाही. "पैसे घेते? मग व्यावसायिक वापर झाला. परवाना आता कॉलेजच्या नावावर आहे, तुझ्या हातात नाही. तिला अर्ज करू दे, समिती बघेल." समितीने आधी दुकानाची नोंदणी मागितली. दुकान भावाच्या नावावर निघालं, तेव्हा करार भावाशी करावा लागेल असं कळवलं. मग समितीची बैठकच होईना. मी तिकडचे मेल इकडे आणि इकडचे तिकडे पाठवत राहिले. एकदाही उठून कुणाच्या टेबलासमोर उभी राहिले नाही. चार अनोळखी माणसांसमोर बोलायचं म्हटलं की मी मेलच लिहिते.

शेवटी मीच दारव्ह्याला गेले, निदान तोंडाने सांगावं म्हणून. याडी दुकानात स्टुलावर बसली होती. मी सगळं सांगितलं. मैत्रीण माउस हातात धरून ऐकत होती.

"म्हणजे आवाज माह्या आईचा, टायपिंग माही, अन् परवानगी तुमच्या कॉलेजची?"

'तुमच्या' हा शब्द तिने पहिल्यांदाच वापरला.

"तसं नाही गं. नात्यातल्यांना फुकट दिलंस तर चालतं. नियमात बसतं ते."

ती हसली. "तांड्यात नात्यात कोन नाही वो? समद्यायलेच फुकट देऊ काय?"

याडीला इतका वेळ आमचं काय चाललंय ते नीट कळलं नव्हतं. आता कळलं. ती रागावली नाही, मला समजावू लागली. "पोरी, आमचे म्हातारे बैलाच्या पाठीवर मीठ घेऊन गावोगाव फिरत. इकत नसते तं फिरले कायले असते? मी नवरीले ढावलो शिकवते तं लुगडं घेते. फुकटचं रडनं आंगी लागत नाही."

"मंग आता तूच सांग," मैत्रीण म्हणाली, "हे शिकवनं हाय का धंदा?"

माझ्या घरात त्या दोन वेगळ्या खोल्या होत्या. त्यांच्या घरात मधे भिंतच नव्हती. आणि मी पडद्यावर एक बटण दाबून ती भिंत त्यांच्या घरात बांधून आले होते.

तेव्हा म्हणता आलं असतं, वापर गं, मी बघते काय व्हायचं ते. जिभेवर आलंही होतं. पण नोकरी नवीन होती, आणि तिने तरी माझ्या तोंडाकडे किती वेळ बघत बसावं? तिने माझ्यासमोर प्रोग्रॅम काढून टाकला. मला चहाही पाजला. काही दिवस ती हाताने ओळी लिहीत होती, पण लग्नाच्या हंगामात भावाचं शूटिंग सांभाळून ते जमेना. ढावलोचे व्हिडिओ बंद झाले. समितीचं पत्र त्यानंतर आलं. करार झाल्यास परवानगी देता येईल, असं त्यात होतं. मी ते तिला पाठवलं. तिने अंगठा पाठवला.

मागच्या महिन्यात परदेशातल्या एका विद्यापीठातून मेल आला. त्यांनी आमचा प्रोग्रॅम संशोधनासाठी घेतला होता. नियमाप्रमाणे, फुकट. याडीच्या ढावलोतल्या एका ओळीतला शब्द प्रोग्रॅमने बरोबर लिहिलाय का, एवढंच त्यांना विचारायचं होतं. मी ती ओळ कितीदा ऐकली. आवाज लगेच ओळखला, शब्द कळला नाही. विचारायला माझ्याकडे एकच माणूस होतं.

तिने दुसऱ्याच रिंगला उचलला. मी ओळ ऐकवली. तिने ती पुन्हा एकदा लावायला सांगितली. मग म्हणाली, "चुकला तुझा प्रोग्रॅम. 'दार' नाही, 'उंबरठा' म्हंते ती. याडी, तुझ्या उंबरठ्यावरची माही पावलं झाडू नको, असं हाय ते. लिहून घेतलं?"

"घेतलं."

"अन् हे सांगाचे पैशे नाही घेतले बरं का मी. चालते ना?"

ती हसत होती. मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात ती म्हणाली, "ठेवते वो. गिऱ्हाईक आलं."