पुढच्या सीटवरची पेटी

आमचे हे लिफ्ट दुरुस्त करतात. गाडी आमची, काम कंपनीचं. किलोमीटरमागे जे मिळतं त्यातच पेट्रोल भागवायचं. पण माणूस इतका नाकासमोर चालणारा, की वाटेत भाजी घ्यायला वळले तर तेवढं अंतर क्लेममधून वजा! साहेबसुद्धा म्हणाले, "अहो, कोण बघतंय?" तर हे म्हणे, "मी बघतोय ना!" डोंबल!

पुढच्या सीटवर अवजारांची पेटी, तीही पट्टा लावून. यांच्या कामाच्या वाटेवरच आईचं घर. पण "सोडा ना मला" म्हटलं की उत्तर ठरलेलं, "कामाची फेरी आहे गं, बसने जा." सवत परवडली, पण ही पेटी नको.

म्हणून आईच्या हृदयाचं ऑपरेशन होतं त्या सकाळी मी विचारलंच नाही. फणकाऱ्याने निघाले आणि स्टॉपवर उभी राहिले. "आत नेण्याआधी ये गं," असं आईने बजावलं होतं आणि बस काही येईना. जीव नुसता टांगणीला. तेवढ्यात आमचीच गाडी समोर थांबली. पेटी मागच्या सीटवर!

"बस लवकर. अर्धा दिवस रजा टाकलीय."

निम्म्या वाटेत यांचा फोन वाजला. आई होती त्याच हॉस्पिटलची लिफ्ट बंद पडली होती आणि जवळपास दुसरं कोणी नव्हतं. रजा गेली उडत.

पोहोचलो तर आई स्ट्रेचरवर, लिफ्टच्या दाराशीच खोळंबलेली. ऑपरेशन थिएटर वरच्या मजल्यावर. मी तिचा हात धरला. यांनी पेटी उघडली.

"जावईबापू, मध्येच लटकवू नका हं," आई म्हणाली.

हे हसले आणि कामाला लागले. लिफ्ट सुरू झाल्यावर आधी एकटेच वर जाऊन खाली आले, मगच आईला आत घेतलं.

ऑपरेशन छान झालं. आई आता पूर्वीसारखी सगळ्यांना दटावते.

महिनाअखेरीला हे क्लेम भरत बसले. मी सहज डोकावले, तर हॉस्पिटलची फेरी गायब. माझं डोकंच फिरलं.

"अहो, लिफ्ट तुम्हीच दुरुस्त केलीत ना? मग पैसे का सोडायचे?"

"फोन यायच्या आधीच निघालो होतो गं," हे मान वर न करता म्हणाले. "लिफ्ट चालू असती तरी गेलोच असतो."

असा राग येतो ना या माणसाचा, की रडूच येतं.